अत्तरवाल्याच्या माश्या

उस्मानभाई आतार बोळात शिरले की आधी वास यायचा. हिना, खस, केवडा आणि त्याखाली दिवसभराचा घाम. मग सायकलची चेन वाजायची आणि त्यानंतर माणूस दिसायचा: उंच, खांदे पुढे झुकलेले, डोक्याला काळी टोपी, डाव्या कानाच्या पाळीमागं कापसाचा फाया. सत्तरच्या दशकात मी पाच वर्षं कोल्हापुरातल्या एका दैनिकात उपसंपादक होतो आणि त्यांच्या घराच्या मागच्या दोन खोल्यांत राहत होतो. त्या पाच वर्षांत हा माणूस निर्धास्त असलेला मी एकदाही पाहिला नाही.

महाद्वार रोडच्या एका फाट्यावर त्यांचं अत्तराचं दुकान होतं. पणजोबांपासूनचं. घरामागच्या परड्यात एक शेवगा, एक कढीलिंब, धुण्याचा दगड आणि कढीलिंबाखाली लाकडी घडवंच्यांवर मधमाश्यांच्या तीन पेट्या. घडवंचीच्या प्रत्येक पायाखाली पाण्यानं भरलेली मातीची वाटी, मुंग्या चढू नयेत म्हणून. सकाळी दात घासत उस्मानभाई वाट्या बघत. दुकानाला जाताना बघत. आल्यावर बघत. पावसाळ्यात, सगळं परडं पाण्यात असताना, छत्री घेऊन वाट्यांत पाणी आहे का ते बघत.

“अवो, ढग फुटलाय,” त्यांच्या पत्नी जैनबभाभी स्वयंपाकघराच्या दारातून म्हणत. “आता वाटी कशी रिकामी असंल?”

“पालथी झाली असली तर?”

घरात दोघं दखनी बोलत. पण मी परड्यात असलो की भांडण मराठीतून चालायचं. साक्षीदाराला समजावं एवढाच हेतू असावा.

काळजी करण्यात त्यांना काही वावगं वाटत नसे. “काळजी करणं हे बी एक काम हाय, पेपरवाले,” ते मला म्हणत. “घरातल्या एकानं ते करायचं, म्हंजे बाकीची जेवत्यात.” मला ते पहिल्या दिवसापासून पेपरवाले म्हणत आणि शेवटच्या दिवसापर्यंत तेच म्हणाले.

मधमाशी आणि अत्तर यांचं जमत नाही. उग्र वास आला की माशी बिथरते, हे कुणीही सांगेल. उस्मानभाईंनाही ते सांगितलं गेलं होतं. चाळिशीत त्यांनी मधमाशीपालनाचं दहा दिवसांचं शिबिर केलं होतं आणि एक पेटी घरी आणली होती. दुसऱ्या दिवशी झाकण उचललं आणि सव्वीस माश्या चावल्या. त्यांनी काटे मोजून काढले होते. चार दिवस साबण लावलावून आंघोळ केली, पाचव्या दिवशी पुन्हा झाकण उचललं आणि पुन्हा तेच झालं. शिबिरातले शिक्षक येऊन बघून गेले. ते म्हणाले, “आतार, तुमचा धंदा सोडा, नाहीतर हा नाद सोडा. तुमच्या कातडीतच वास आहे.” पेटी परत गेली.

दोन वर्षांनी दुकानामागच्या कोठीची भिंत दुरुस्तीला काढली, तर आत पोळं निघालं. कनौजहून आलेल्या अत्तराच्या बाटल्या ज्या फळीवर राहत, तिच्या बरोब्बर मागं. गवंडी पलिते पेटवून तयार होते. उस्मानभाईंनी त्यांना बाहेर काढलं आणि उघड्या हातांनी पोळ्याचा एकेक पडदा सोडवून घेतला. एकही माशी चावली नाही.

“त्या हिन्याच्या वासातच जन्मल्या,” ते सांगत. “यास्नी माझा वास चालतो. दुसऱ्या कुणाला चालत न्हाय.”

हे शास्त्राला धरून आहे की नाही, मला माहीत नाही. मी पाहिलं ते इतकंच की दुकानातून आलेला माणूस कानामागच्या फायासकट पेटी उघडायचा, माश्या त्याच्या मनगटावर चालायच्या, बोटांच्या बेचक्यात थांबायच्या आणि उडून जायच्या. मी सहा हातांवर जाळी पांघरून उभा असायचो. मला चावत.

जैनबभाभी पेटीतल्या राणीला सवत म्हणायच्या. “माझ्याकडं कधी असं वाकून बघितलं न्हाय यांनी,” असं त्या एकदा माझ्यादेखत म्हणाल्या. उस्मानभाई पेटीतून मान न काढता म्हणाले, “तुला वाटीत पाणी लागत न्हाय.”

कोल्हापूरच्या माश्यांचा वैरी गूळ. दिवाळी झाली की नदीच्या अंगानं गुऱ्हाळं पेटतात आणि उसाच्या रसाच्या वासानं माश्या जातात त्या रस उकळणाऱ्या काहिलीत पडतात. एका हंगामात पेट्या हलक्या होत गेल्या तसे उस्मानभाई सायकल काढून जवळच्या गुऱ्हाळावर गेले. मी त्या दिवशी गुळाच्या बातमीसाठी त्यांच्याबरोबर होतो.

“पावणं, काहिलीवर झाकण घाला की जरा,” ते गुऱ्हाळवाल्याला म्हणाले.

“काहिलीवर झाकण? मग वाफ काय तुमच्या टोपीत भरू?”

“माझ्या माश्या मरत्यात.”

“तुमच्या कशावरनं? पंखावर नाव लिवलंय व्हय?”

उस्मानभाई काढून टाकलेल्या मळीच्या ढिगाशी वाकले. दोन बोटांनी एक मेलेली माशी उचलली, नाकाशी नेली, दुसरी उचलली, तीही नेली. मग ती गुऱ्हाळवाल्यापुढं धरली. “ही माझी. हुंगा.”

गुऱ्हाळवाल्यानं खरंच हुंगलं. मग तो एवढ्यानं हसला की चुलाणावरचा माणूस उठून आला. जाताना त्यानं गुळाची एक ढेप सायकलला बांधून दिली. ती ढेप भाभींनी वापरली. उस्मानभाईंनी त्यातला खडाही तोंडात घातला नाही.

तेव्हापासून गुऱ्हाळं सुरू झाली की ते पेट्या घेऊन आजऱ्याला बहिणीकडं जात. तिथं काजूच्या मोहोरावर माश्या पोसल्या जात. पेट्यांची तोंडं जाळीनं बंद करून, फडक्यात बांधून, एसटीनं. टपावर ठेवायला ते तयार नसत. हादरे बसतात म्हणून मांडीवर आणि पायाशी. एकदा कंडक्टरनं गाठोड्यावर बोट ठेवलं.

“ह्यात काय हाय?”

“जनाना,” उस्मानभाई म्हणाले.

“क्काय?”

“बायका हायत. धा-बारा हजार. परद्यात बसल्यात. तुमी परदा उचलू नका, मग कुणाची काय तक्रार न्हाय.”

कंडक्टरनं कान लावला. आजरा येईपर्यंत तो ड्रायव्हरशेजारी उभा होता.

मी सांगतो आहे त्या वर्षी पेट्या आजऱ्याला गेल्या नाहीत. भाभींचं पोटाचं ऑपरेशन झालं होतं आणि उस्मानभाई घर सोडू शकत नव्हते. गुऱ्हाळांनी आपला वाटा घेतला. एका पेटीत मेणकिडा शिरला, दुसरीतल्या माश्या ओंजळभर उरल्या आणि थंडीत गेल्या. संक्रांतीला तीनपैकी एक पेटी शिल्लक होती आणि तिच्यातली राणी तिसऱ्या वर्षात आली होती.

राणी म्हातारी झाली की अंडी विरळ पडतात. भरल्या कणसात मधूनच दाणे नसावेत तसं पोळं दिसायला लागतं. उस्मानभाईंना ते दिसत नव्हतं, कारण त्यांच्या दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू उतरत होता आणि डॉक्टर तो पिकायची वाट बघत होते. त्यांनी मला परड्यात बोलावलं.

“तुमी दिसभर प्रूफं वाचता न्हवं?”

“वाचतो.”

“टिंब सुटल्यालं दिसतं?”

“दिसतं.”

“मग अंडं दिसंल. टिंबाएवढंच असतंय. फकस्त उभं.”

तसा मी त्या पेटीचा वाचक झालो. ते चौकट धरत, मी जाळीआडून वाकून सांगत असे. ते अंड्यांची चौकशी आमच्या संपादकांपेक्षा कडक करत. किती ओळींत? मधे किती घरं रिकामी? रिकामी म्हंजे चाटून साफ केल्याली का नुसती रिकामी?

महाशिवरात्रीनंतर त्यांनी ठरवलं की पेटी विभागायची. “एक पेटी म्हंजे एकुलतं एक लेकरू,” ते म्हणाले. “त्याला शिंक आली तरी आपला जीव जातो. दोन पायजेतच.”

विभागणीची रीत सोपी आहे. म्हाताऱ्या राणीला निम्म्या माश्यांसह नव्या पेटीत हलवायचं. जुन्या पेटीत ताजी अंडी असलेली चौकट ठेवायची. राणी गेल्याचं मागच्या माश्यांना काही तासांत कळतं आणि त्या अंड्यांतून निघालेल्या दोन-तीन अळ्या निवडून, त्यांची घरं लांब करून, त्यांना वेगळं खाद्य देऊन नवी राणी घडवतात. माणसानं करायचं एवढंच की वेळेवर विभागायचं आणि वेळेआधी उघडायचं नाही. उस्मानभाईंना पहिलं जमत होतं. दुसऱ्यासाठी त्यांना स्वतःला धरून ठेवावं लागे.

नवी पेटी त्यांनी स्वतः केली. कनौजच्या अत्तराच्या बाटल्या ज्या खोक्यातून यायच्या, त्या खोक्याच्या फळ्यांची. वाहतुकीत कधीतरी आत बाटली फुटली होती आणि एका बाजूची फळी तेलकट काळी झाली होती.

“त्या फळीला वास येतोय,” भाभी म्हणाल्या. त्यांना ऑपरेशननंतर कुठलाच वास सोसत नव्हता.

“आपल्या माश्यास्नी चालतो.”

“चालतो म्हंजे त्यातच ऱ्हा म्हणायचं व्हय?”

उस्मानभाई हसले. मीही हसलो. राणी आणि निम्म्या माश्या त्या पेटीत गेल्या.

चौथ्या दिवशी ऊन कडक होतं. दुपारी एकच्या सुमारास नव्या पेटीच्या तोंडातून माश्या ओतल्यासारख्या बाहेर यायला लागल्या. मी खिडकीत होतो. पाच-सहा मिनिटांत परड्यावर, शेवग्याच्या उंचीला, करडा गोल फिरत होता. शेजारच्या बायका थाळ्या बडवत आल्या, कुणी पाणी उडवलं, कुणी माती फेकली. आवाज केला की माश्या जवळच बसतात असा समज आहे. या बसल्या नाहीत. गोल लांबट झाला, कौलांवरून सरकला आणि नदीकडं गेला. त्यात राणी होती.

उस्मानभाईंना दुकानातून बोलावलं. ते आले तेव्हा पेटीत पाच-पन्नास माश्या आणि मोकळी पोळी होती. त्यांनी आतल्या फळीवर तळहात ठेवला. तापलेल्या लाकडातून तेल बाहेर आलं होतं. त्यांनी तळहात हुंगला.

“केवडा,” ते म्हणाले. “मलाच सोसवंना झालाय.”

भाभींनी मोकळ्या पेटीचं झाकण उचलून कढीलिंबाला टेकवलं. ‘मी सांगितलं होतं’ असं त्या म्हणाल्या असत्या तर बरं झालं असतं.

आता हिशेब साधा होता. मागं राहिलेल्या अर्ध्या पेटीत राणी नव्हती, फक्त राणी होऊ शकतील अशा अळ्या होत्या. त्यातली एक निघाली, उडाली, नरांशी जुळली, जिवंत परतली आणि तिनं अंडी घातली, तर पेटी राहणार. यांतलं एक जरी चुकलं तर दुसरा प्रयत्न नव्हता, कारण पेटीत नवी अंडी घालायला कुणी नव्हतं. बाजारात दुसऱ्या माश्या मिळाल्या असत्या. पण त्या उस्मानभाईंना दोन हातांवरही येऊ देणार नव्हत्या. पंचाहत्तर हजार अत्तराच्या कुप्यांत हात घातलेल्या माणसाला सोसणाऱ्या माश्या जगात एवढ्याच आहेत, असं त्यांचं म्हणणं होतं. आकडा त्यांचाच.

स्वयंपाकघराच्या बाहेरच्या भिंतीवर त्यांनी कोळशानं रेघा मारायला सुरुवात केली. एका दिवसाला एक.

आठव्या रेघेला आम्ही पेटी उघडली. चौकटीच्या खालच्या कडेला भुईमुगाच्या शेंगांसारखी तीन राणीघरं लोंबत होती, तिन्ही बंद झालेली. त्यांनी प्रत्येकाखाली करंगळीचं टोक धरून पाहिलं. डोळ्यांपेक्षा त्यांचा बोटांवर विश्वास होता. मग चौकट परत ठेवली आणि धुण्याच्या दगडावर बसले.

तिन्ही ठेवावीत तर पहिली राणी निघाल्यावर निम्म्या माश्या घेऊन उडून जायची, दुसरी उरलेल्यांतल्या निम्म्या घेऊन. दोन काढावीत तर उरलेली एक आतल्या आत मेली की सगळंच संपलं. ते दोन तास बसून होते. मला ऑफिसला जायचं होतं.

“तुमी काय कराल?” त्यांनी विचारलं.

“मला यातलं कळत नाही.”

“पेपरात रोज लोकास्नी सांगता काय करायचं ते.”

भाभी दारातून म्हणाल्या, “तिन्ही ठेवा. लेकरं मारू नका.”

“अर्धं घर उडून जाईल.”

“जाऊ दे.”

“अर्धं तर गेलंच की, जैनब,” ते म्हणाले. भाभींना नावानं हाक मारलेली मी तेव्हा पहिल्यांदा ऐकली. त्यांनी उठून दोन घरं काढली. काढलेली घरं त्यांनी तळहातावर घेतली, उघडून मात्र पाहिली नाहीत. कढीलिंबाच्या बुंध्याशी उकरून पुरली.

तेराव्या रेघेला राणीघराचं टोक गोल कापलेलं होतं आणि झाकण बिजागरीवर लोंबावं तसं लोंबत होतं. राणी निघाली होती. ती आम्हाला दिसली नाही. कोवळी राणी चपळ असते आणि लपते, आणि शोधत बसलं तर माश्याच तिला घेरून मारतात. त्यांनी पेटी बंद केली आणि सांगितलं, “आता बारा दिस झाकणाला हात लावायचा न्हाय. मी लावायला गेलो तर मला धरायचं.”

भाभींनी पेटीवर जुनं फडकं, त्यावर पाटा ठेवला. उघडायचंच झालं तर आवाज व्हावा म्हणून.

त्या बारा दिवसांत राणी एक-दोनदा उन्हात बाहेर जाते. त्यावेळी आकाशात तिला दोनच गोष्टी भेटतात: नर किंवा पाखरू. आमच्या बोळातल्या विजेच्या तारेवर वेडे राघू बसत. हिरवे, देखणे, माशी हवेत टिपण्यात तरबेज. उस्मानभाई रोज अकरा ते तीन दुकान बंद ठेवून परड्यात बसू लागले. बांबूला भाभींची जुनी ओढणी बांधलेली. राघू तारेवर बसला की हलवायची. लग्नसराई होती, अत्तराचे खरे दिवस. एक दिवस एक नवरदेवाचा बाप पत्ता काढत घरापर्यंत आला.

“दुकान बंद कसं? आमचं उद्याला लगीन हाय वो.”

“हितं बी लगीनच हाय,” उस्मानभाई तारेवरची नजर न काढता म्हणाले. “चारला या.”

पाहुण्यानं परड्यात नवरी शोधली, बांबूला बांधलेली ओढणी पाहिली आणि चारला आला.

संध्याकाळी ते पेटीच्या फळीला कान लावत. राणी असली की पेटी गुणगुणते, नसली की रडते, असं ते म्हणत. मला एकच आवाज ऐकू यायचा. त्यांनाही कधी हे, कधी ते ऐकू यायचं. पंचविसाव्या रेघेला पाटा बाजूला झाला. मी पाचही चौकटी वाचल्या. अंडं नव्हतं. सत्ताविसाव्या रेघेला पुन्हा वाचल्या. नव्हतं. म्हाताऱ्या झालेल्या माश्या तोंडाशी संथ चालत होत्या. उस्मानभाईंनी त्या दिवशी दुकान उघडलंच नाही आणि जेवताना भाकरीचा एकच चतकोर खाल्ला.

तिसाव्या रेघेला मला टिंब दिसलं. मग दुसरं, तिसरं, हाताच्या पंज्याएवढ्या जागेत.

“अंडी आहेत,” मी म्हणालो.

“एका घरात एकच?”

मी पुन्हा वाकलो. बहुतेक घरांत एक होतं. चार घरांत दोन होती. मी तसं सांगितलं.

त्यांनी चौकट माझ्या जाळीजवळ आणली. राणी नसलेल्या पेटीत कधी कधी कामकरी माश्याच अंडी घालायला लागतात. एका घरात दोन, तीन, जमतील तशी. त्यांतून फक्त नर निघतात आणि पेटी मरते. नवखी राणीही सुरुवातीला चुकून दोन घालते. फरक हा की राणीचं पोट लांब असतं, तिचं अंडं घराच्या तळाला पोचतं. कामकरीचं भिंतीला चिकटतं.

“तळाला का भिंतीला?”

“तळाला… बहुतेक.”

“बहुतेक म्हंजे? पेपरात बहुतेक छापता काय?”

छापत होतो, पण ती वेळ ते सांगण्याची नव्हती. मी जाळी वर केली, चौकट उन्हाकडं धरायला लावली आणि चारही घरं एकेक करून बघितली. दोन माश्या कपाळाला चावल्या. “सगळी तळाला,” मी म्हणालो. त्यांनी चौकट ठेवली. विश्वास ठेवल्याचं काही दिसलं नाही. खात्री व्हायला आणखी आठ-नऊ दिवस लागणार होते: अळ्या मोठ्या होऊन घरं बंद झाली की कामकरीच्या घराचं झाकण सपाट असतं, नराचं फुगीर. ते आठ दिवस त्यांनी कसे काढले हे भाभींनी मला नंतर एका वाक्यात सांगितलं. “माझ्या ऑपरेशनला एवढे घाबरले न्हवते.”

झाकणं सपाट निघाली. त्यांनी त्यांवरून बोट फिरवलं, पुन्हा फिरवलं, मलाही फिरवायला लावलं. भाभींनी शेवया केल्या. भिंतीवरच्या रेघा त्यांनी ओल्या फडक्यानं पुसल्या. एवढ्या आनंदातही ते मला म्हणाले, “आई आपली हाय. बाप कोण, कुठनं आला, कुणास ठावं.”

मी ते हसण्यावारी नेलं.

पेटीतल्या जुन्या माश्या दीड-दोन महिन्यांत मरून जातात आणि त्यांची जागा नव्या राणीच्या मुली घेतात. वळीव पडून गेल्यावर एका संध्याकाळी उस्मानभाई डाव्या हाताला चुना लावून बसलेले दिसले. मी विचारलं तर म्हणाले, दुकानात काच लागली. चार दिवसांनी उजवा हात. पुढच्या आठवड्यात एक डोळा मिटेपर्यंत सुजला होता आणि तेव्हा काच म्हणता येईना.

“चुकून दाबली गेली असंल बोटाखाली,” ते म्हणाले.

त्यांनी कानामागचा फाया काढला. मग दुकानातून आल्यावर आंघोळ करून, धुतलेली लुंगी नेसून पेटीकडं जाऊ लागले. मग मुलतानी माती, मग बेसन. शुक्रवारी दुकान बंद असे. ते गुरुवारपासून बाटलीला हात लावेनात, मुनीम ठेवावा तसा भाच्याला गल्ल्यावर बसवला. एका शुक्रवारी मी खिडकीतून पाहिलं. ते पेटीपासून चार हातांवर उभे होते, हात पुढं करून, तळवे वर. पेटीच्या तोंडावरच्या माश्या वळल्या. सगळ्यांची डोकी उस्मानभाईंकडं झाली. ते एक पाऊल पुढं गेले. पहिली माशी मनगटावर आली तेव्हा त्यांनी हात मागं घेतला नाही. दुसरी, तिसरीलाही नाही. सातव्या-आठव्या माशीला भाभी आतून धावत आल्या, खांद्याला धरून त्यांना ओढलं आणि दगडावर बसवून नखानं एकेक काटा काढला.

“तुमच्या ओळखीच्या न्हाईत आता या,” त्या म्हणाल्या.

“आई तीच हाय.”

“लेकी बापावर गेल्या.”

त्यांनी पेटी कुणाला तरी देऊन टाकावी, असं मी सुचवलं. ते म्हणाले, बघू. गणपतीच्या सुमाराला मी ऑफिसातून आलो तर परड्यात जाळी पांघरून भाभी उभ्या होत्या आणि पेटीचं झाकण त्यांच्या हातात होतं. भाभींनी आयुष्यात अत्तर लावलं नव्हतं. घरात नवऱ्याचा वास येतो तेवढा पुरे, म्हणत. माश्या त्यांच्या बाह्यांवरून चालत होत्या. सहा महिन्यांत त्या जाळीही घेईनाशा झाल्या. पुढच्या फाल्गुनात पेटी त्यांनी विभागली, चांगल्या लाकडाची पेटी करून घेऊन, आणि तिच्यात राणी पहिल्याच खेपेला झाली.

दोन वर्षांनी मला पुण्याला नोकरी मिळाली. निघायच्या दिवशी, शुक्रवारी सकाळी, निरोप घ्यायला मी पुढच्या दारानं आत गेलो. मोतीबिंदूचं ऑपरेशन होऊन उस्मानभाईंना जाड भिंगाचा चष्मा लागला होता आणि आता त्यांना दूरची मुंगी दिसत होती. ते स्वयंपाकघरात, परड्याच्या बंद दाराशी, पाटावर बसले होते. दाराच्या दोन फळ्यांमधल्या फटीला चष्मा टेकवून. त्यांनी मला हातानंच बस म्हटलं.

“किती चौकटी भरल्यात?” त्यांनी फटीतून विचारलं.

“चार,” बाहेरून आवाज आला.

“अंडं तळाला हाय न्हवं?”

“तळालाच हाय. गप बसा जरा.”

“चावत्यात काय?”

बाहेर फक्त माश्यांचा आवाज. त्यांनी फटीवरून डोळा काढून तिथं कान लावला. मी उठलो आणि म्हणालो, दार उघडू का थोडं, म्हणजे नीट ऐकू येईल. “वास जाईल भाईर,” त्यांनी माझ्याकडं न बघता नकारार्थी मान हलवली, आणि हात वर करून दाराची कडी चाचपली. ती आतून होती, नीट बसलेली.